परवान्यांमागचा माणूस : स्टीफन मॅथर आणि अमेरिकेची राष्ट्रीय उद्याने

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात आज कोणाला लग्नसमारंभ करावयाचा असेल, तर वधूवरांना आधी उद्यान प्रशासनाकडून विशेष वापराचा परवाना घ्यावा लागतो. डोंगरात तंबू ठोकून रात्र काढावयाची असेल, तर त्याचा परवाना वेगळा. हाफ डोम या प्रसिद्ध सुळक्यावर लोखंडी तारांच्या आधाराने चढावयाचे असेल, तर सोडतीत नाव निघावे लागते. कोणी किती वेळ थांबावे, चूल कोठे पेटवावी, गाडी कोठे उभी करावी, या सर्वांचे नियम ठरलेले आहेत. पर्यटकाला हा कागदोपत्री व्याप वाटतो. परंतु या व्यापामागे एका माणसाच्या आयुष्यातील चौदा वर्षांची झुंज आहे. त्याचे नाव स्टीफन टिंग मॅथर. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे ते पहिले संचालक. उद्यानांचे दरवाजे सामान्य माणसाला उघडून देण्यासाठी ते आयुष्यभर झटले आणि त्याच दरवाजावर पहारा कसा असावा, याची पहिली घडीही त्यांनीच बसवली. या दोन कामांतील ताण त्यांना अखेरपर्यंत सोडवता आला नाही. तो ताण आजही कायम आहे.

टाकणखाराचा व्यापारी

मॅथर यांचा जन्म ४ जुलै १८६७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १८८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढची काही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या ‘सन’ या दैनिकात वार्ताहर म्हणून काढली. वृत्तपत्रातील या उमेदवारीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. लोकांचे लक्ष कशाने वेधले जाते याची जाण ही एक, आणि रॉबर्ट स्टर्लिंग यार्ड हा सहकारी मित्र ही दुसरी. पुढे या दोन्ही गोष्टी उद्यानांच्या कामी आल्या.

१८९३ मध्ये त्यांचा जेन फ्लॉय यांच्याशी विवाह झाला. त्याच सुमारास पत्रकारिता सोडून ते पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीत दाखल झाले. त्यांचे वडील त्याच कंपनीच्या सेवेत होते. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या रखरखीत खोऱ्यातून टाकणखार काढून तो खेचरांच्या लांबलचक तांड्यांनी रेल्वेपर्यंत आणला जात असे. खेचरांची वाहतूक तोवर बंद झाली होती. पण तिच्या कथेत विक्रीचे बळ आहे, हे मॅथर यांनी ओळखले. वीस खेचरांच्या जोडीचे नाव आणि चित्र टाकणखाराच्या पुड्यावर आले आणि धुलाईचा हा साधा पदार्थ अमेरिकेतील घराघरांत पोहोचला. पुढे थॉमस थोरकिल्डसन या भागीदारासह त्यांनी स्वतःचा टाकणखाराचा व्यवसाय उभारला. चाळिशी ओलांडून काही वर्षे होतात न होतात तोच ते लक्षाधीश झाले होते.

या भरभराटीला एक काळी किनार होती. १९०३ मध्ये त्यांना मानसिक आजाराचा तीव्र झटका आला. कधी अफाट उत्साह, कधी खोल नैराश्य अशा स्वरूपाचा हा आजार पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे राहिला. डोंगरात गेले की मन थाऱ्यावर येते, हा त्यांचा अनुभव होता. १९०४ मध्ये ते सिएरा क्लब या गिर्यारोहकांच्या व निसर्गप्रेमींच्या संस्थेचे सदस्य झाले. पुढल्याच वर्षी त्यांनी माउंट रेनियर सर केला. १९१२ मध्ये सिएरा नेवाडा पर्वतात त्यांची भेट निसर्गलेखक जॉन म्यूर यांच्याशी झाली. वृद्ध म्यूर त्या वेळी योसेमिटीतील हेच हेची खोरे धरणाखाली जाऊ नये म्हणून अखेरचा लढा देत होते. डिसेंबर १९१३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने धरणाला मंजुरी दिली आणि वर्षभरानंतर म्यूर यांचे निधन झाले. या पराभवाचा धडा मॅथर यांच्या मनात खोल रुजला. जे खोरे फारच थोड्या लोकांनी पाहिले होते, त्याच्या बाजूने उभे राहणारेही थोडेच होते.

तक्रारदाराच्या हाती कारभार

१९१४ च्या उन्हाळ्यात मॅथर सिकोया आणि योसेमिटी या उद्यानांत हिंडले. पायवाटा मोडलेल्या होत्या, गुरे मोकाट चरत होती आणि महाकाय सिकोया वृक्षांच्या राईतील जमिनींवर खासगी मालकांचे हक्क होते. त्यांनी गृह खात्याचे मंत्री फ्रँकलिन लेन यांच्याकडे तक्रार केली. अमेरिकेत हे खाते सार्वजनिक जमिनींचा कारभार पाहते. कारभार पसंत नसेल तर वॉशिंग्टनला येऊन तो स्वतःच चालवावा, असे लेन यांनी त्यांना कळवल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. कथेतला तपशील काहीही असो, जानेवारी १९१५ मध्ये मॅथर मंत्र्यांचे सहायक म्हणून रुजू झाले. त्यांच्या मदतीला होरेस ऑलब्राइट हा पंचविशीचा वकील देण्यात आला. कायद्याच्या आणि फायलींच्या वाटा ऑलब्राइट यांना ठाऊक होत्या. माणसे जिंकण्याची हातोटी मॅथर यांच्याकडे होती. या जोडीने पुढची चौदा वर्षे एकत्र काम केले.

त्या वेळी राष्ट्रीय उद्यानांना एक मालक असा नव्हता. यलोस्टोन हे पहिले उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले होते; पण तिथला बंदोबस्त घोडदळ पाहत असे. काही स्मारके युद्ध खात्याकडे, काही कृषी खात्याकडे, तर उरलेली गृह खात्याकडे होती. प्रत्येक उद्यानाचे नियम निराळे, शुल्क निराळे आणि परवाने देण्याची रीतही निराळी. एका ठिकाणी चालणारी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी गुन्हा ठरे.

मॅथर यांनी कामाला हात घातला तो स्वतःच्या पैशाची थैली सोडून. योसेमिटीतून सिएरा ओलांडणारा टायोगा रस्ता १८८० च्या दशकात खाणीसाठी बांधलेला आणि खासगी मालकीचा होता. तो १५ हजार ५०० डॉलरना विकत घेण्यात आला. त्यातील निम्मी रक्कम मॅथर यांनी स्वतः भरली आणि उरलेली मित्रांकडून व संस्थांकडून गोळा केली. अशी देणगी स्वीकारण्याचा अधिकारच सरकारी खात्याकडे नव्हता. त्यासाठी आधी कायद्यात तरतूद करवून घ्यावी लागली. नियमांच्या जंगलातून वाट काढण्याचा हा त्यांचा पहिला धडा होता.

जुलै १९१५ मध्ये त्यांनी काही निवडक पाहुण्यांना सिएराच्या दोन आठवड्यांच्या मोहिमेवर नेले. त्यांत काँग्रेसचे सदस्य फ्रेडरिक गिलेट, नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचे गिल्बर्ट ग्रोव्हनर, लेखक आणि रेल्वे कंपनीचे अधिकारी होते. सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाचे नामांकित चिनी आचारी टाय सिंग यांनी दऱ्याखोऱ्यांत शुभ्र टेबलक्लॉथवर पक्वान्ने वाढली. मोहीम संपली तेव्हा हे सर्व पाहुणे उद्यानांचे पुरस्कर्ते झाले होते. याचा लाभ लवकरच दिसला. सिकोयातील ‘जायंट फॉरेस्ट’मधील खासगी जमिनींसाठी मालकांना ७० हजार डॉलर हवे होते आणि काँग्रेसने ५० हजारच मंजूर केले होते. उरलेले २० हजार नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने दिले.

जुने मित्र यार्ड यांना मॅथर यांनी प्रसिद्धीच्या कामासाठी वॉशिंग्टनला बोलावले. त्यांचा पगार मॅथर स्वतः देत. १९१६ मध्ये यार्ड यांनी उद्यानांच्या छायाचित्रांचा देखणा संग्रह सिद्ध केला. त्याच्या खर्चासाठी रेल्वे कंपन्यांनी ४३ हजार डॉलर दिले, मॅथर यांनी ५ हजार घातले. त्याच्या पावणेतीन लाख प्रती देशभर मोफत वाटण्यात आल्या. काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याच्या टेबलावर तो संग्रह पोहोचला.

एका कायद्यातील दोन आज्ञा

२५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. कॅलिफोर्नियाचे विल्यम केंट आणि जॉन रेकर, तसेच युटाचे सिनेटर रीड स्मूट यांनी विधेयक पुढे नेले होते. त्यातील उद्देशाचे वाक्य भूदृश्यरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांच्या लेखणीतून उतरले. निसर्गदृश्ये, वन्यजीव आणि ऐतिहासिक वस्तू यांचे जतन करावे, लोकांना त्यांचा आनंद घेता यावा आणि तो अशा रीतीने घ्यावा की भावी पिढ्यांसाठी ते सारे अबाधित राहील, असा त्याचा आशय आहे. लोकांना आत येऊ द्यायचे आणि तरीही काही बिघडू द्यायचे नाही, या दोन आज्ञा एकाच वाक्यात होत्या.

हा मेळ व्यवहारात कसा घालावयाचा, याचे साधन कायद्याच्या पुढच्याच कलमांत होते. ते साधन म्हणजे परवाना. पर्यटकांच्या सोयीसाठी जागा वापरण्याचे परवाने आणि भाडेपट्टे देण्याचा अधिकार मंत्र्यांना मिळाला. मात्र त्यांची मुदत २० वर्षांपेक्षा अधिक असू नये अशी अट होती. कोणतेही निसर्गनवल अशा रीतीने भाड्याने देता येणार नव्हते की ज्यामुळे जनतेच्या मुक्त प्रवेशाला अडथळा येईल. उद्यानाच्या मूळ हेतूला बाधा येत नसेल तर यलोस्टोन वगळून अन्यत्र गुरे चारण्याचीही परवानगी देता येईल, असे एक कलम केंट यांच्या आग्रहाने आले. याच कलमाने पुढे सर्वांत मोठी डोकेदुखी निर्माण केली.

मे १९१७ मध्ये मॅथर यांची संचालकपदी रीतसर नियुक्ती झाली, तेव्हा ते कार्यालयात नव्हते. जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये झालेल्या राष्ट्रीय उद्यान परिषदेच्या अखेरीस त्यांचे मन कोलमडले होते आणि ते रुग्णालयात होते. अनेक महिने ऑलब्राइट यांनी कार्यकारी संचालक म्हणून नव्या खात्याची उभारणी केली. आजाराची वाच्यता होऊ नये याची काळजी घेण्यात आली. कारण प्रमुख आजारी असल्याचे कळताच नव्या खात्याच्या अंदाजपत्रकावर कुऱ्हाड पडण्याचा धोका होता.

त्याच काळात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मांस आणि लोकरीची गरज पुढे करून गुरांच्या व मेंढ्यांच्या मालकांनी उद्यानांतील कुरणे मागितली. देशभक्तीच्या नावाने आलेली मागणी नाकारणे कोणाही अधिकाऱ्याला अवघड होते. योसेमिटीत काही गुरांना परवाने द्यावे लागले; मेंढ्यांना मात्र उद्यान सेवेने निकराने रोखून धरले. मेंढरांचे कळप पर्वतावरील कुरण मुळासकट संपवतात, हे सिएराने पूर्वी पाहिले होते. एकदा दिलेला परवाना परत घेणे किती कठीण असते, याचाही अनुभव खात्याला या निमित्ताने आला. युद्ध संपल्यानंतर ही चराई कमी करीत आणण्यात बरीच वर्षे गेली.

मे १९१८ मध्ये मंत्री लेन यांच्या सहीने एक धोरणपत्र निघाले. त्याचा मसुदा मुख्यतः ऑलब्राइट यांचा होता. उद्याने मूळ रूपात राखावीत, ती लोकांच्या उपयोगासाठी व आनंदासाठी आहेत आणि कोणत्याही निर्णयात राष्ट्रहित हीच कसोटी असावी, ही त्याची तीन सूत्रे होती. सामान्य ऐपतीच्या प्रवाशांसाठी मोफत तंबूच्या जागा आणि स्वस्त मुक्कामाची सोय असावी, असेही त्यात होते. श्रीमंतांच्या हॉटेलांइतकाच गरिबाच्या तंबूलाही उद्यानात हक्क आहे, हे सरकारी धोरण म्हणून प्रथमच कागदावर आले.

मोटारींचा प्रश्न

मोटारींना उद्यानांत येऊ द्यावे की नाही, हा त्या पिढीचा मोठा वाद होता. माउंट रेनियरने १९०८ मध्ये परवाना घेऊन येणाऱ्या मोटारींना वाट दिली. योसेमिटीचे दार १९१३ मध्ये, तर यलोस्टोनचे १ ऑगस्ट १९१५ रोजी उघडले. त्याआधी १९१२ मध्ये अमेरिकेतील ब्रिटिश राजदूत जेम्स ब्राइस यांनी मोटारी आत घेतल्यास योसेमिटीची शांतता कायमची जाईल, असा इशारा दिला होता. मॅथर यांचे मत उलट होते. रेल्वेचे भाडे, घोडागाडी आणि हॉटेल यांचा खर्च परवडणारे लोक थोडे होते. मोटार आली की कुटुंब स्वतःचा तंबू, भांडीकुंडी आणि शिधा घेऊन येऊ शकेल, असे त्यांना दिसत होते. जितके लोक येतील तितके मतदार उद्यानांच्या पाठीशी उभे राहतील, हा हेच हेचीच्या पराभवातून घेतलेला हिशेबही त्यामागे होता.

आरंभीचे परवाने कडक होते. यलोस्टोनमध्ये मोटारमालकाला प्रवेशद्वारावर शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. ठरावीक नाक्यांवर त्यावर वेळेची नोंद होई. दोन नाक्यांमधले अंतर ठरलेल्या वेळेआधी कापणारा चालक वेगमर्यादा मोडणारा ठरे. घोडे बुजू नयेत म्हणून मोटारींच्या वेळा घोडागाड्यांपासून वेगळ्या ठेवल्या होत्या. तरीही दोन्हींचा मेळ बसेना. अखेर १९१७ मध्ये यलोस्टोनमधील घोडागाड्या गेल्या आणि त्यांच्या जागी प्रवासी मोटारी आल्या.

परवान्याच्या शुल्कातून मिळणारी रक्कम उद्यानांच्या रस्त्यांवर खर्च व्हावी, असा मॅथर यांचा आग्रह होता. १९१८ नंतर मात्र ही रक्कम सरकारी तिजोरीत जमा होऊ लागली आणि प्रत्येक डॉलरसाठी काँग्रेसपुढे हात पसरणे आले. त्यामुळे भेट देणाऱ्यांची संख्या हेच मॅथर यांचे मुख्य शस्त्र बनले. १९१६ मध्ये सुमारे साडेतीन लाख लोकांनी उद्यानांना भेट दिली होती. १९२८ मध्ये हा आकडा ३० लाखांच्या घरात गेला.

मक्तेदार, तंबू आणि आरा गिरणी

पर्यटकांचे जेवण, मुक्काम आणि वाहतूक खासगी मक्तेदारांच्या हाती होती. योसेमिटीत डेव्हिड आणि जेनी करी या शिक्षक दांपत्याने १८९९ मध्ये सात तंबूंवर मुक्कामाचा व्यवसाय सुरू केला. अल्प दरामुळे तो भराभर वाढला. पण त्यांना परवाना मिळे तो एकेका वर्षाचा. पुढल्या वर्षी तंबू ठोकता येतील की नाही याची शाश्वती नसताना भांडवल कोण गुंतवणार, हा करी यांचा प्रश्न होता. सरकारशी त्यांचे खटके उडत. कड्यावरून जळते निखारे दरीत लोटण्याचा त्यांचा रात्रीचा लोकप्रिय खेळ १९१३ मध्ये बंद करण्यात आला आणि १९१७ मध्ये पुन्हा सुरू झाला. परवाना हे शिस्तीचे साधन होते, तसेच ते अधिकाऱ्याच्या हातातील छडीही होऊ शकत होते, हे या प्रकरणाने दाखवले.

या अनिश्चिततेवर मॅथर यांनी काढलेला तोडगा वादग्रस्त होता. एका उद्यानात एकच मोठा मक्तेदार असावा, त्याला दीर्घ मुदत द्यावी आणि त्याचे दर सरकारने ठरवावेत, असे त्यांचे मत होते. योसेमिटीत त्यांनी प्रथम पाठबळ दिलेली डेसमंड यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. तरीही त्यांनी हेका सोडला नाही. १९२५ मध्ये त्यांच्या दबावाखाली करी यांची कंपनी आणि प्रतिस्पर्धी कंपनी एकत्र आली. दोन वर्षांनी योसेमिटीत अहवाहनी हे आलिशान हॉटेल उघडले. स्पर्धा संपल्याने दर चढतील, अशी टीका तेव्हाही झाली.

परवान्याची अट मोडणाऱ्याला मॅथर काय करतात, हे ग्लेशियर उद्यानात सर्वांना दिसले. ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीने १९१४-१५ मध्ये तेथे मोठे हॉटेल बांधले. लाकूड कापण्यासाठी तिला उद्यानात आरा गिरणी चालवण्याची परवानगी होती. बांधकाम संपताच गिरणी हटवावी, अशी अट होती. दहा वर्षे उलटली तरी गिरणी आणि तिच्या भुशाचे ढीग सरोवराकाठी तसेच होते. कंपनी मुदतवाढ मागत राहिली. १० ऑगस्ट १९२५ रोजी मॅथर तेथेच होते. त्यांनी पायवाटेवर काम करणाऱ्या मजुरांकडून गिरणीत सुरुंगाचे तेरा बार भरवून घेतले, हॉटेलातील पाहुण्यांना पाहायला बोलावले आणि पहिली वात स्वतः पेटवली. तो दिवस त्यांच्या कन्येच्या एकोणिसाव्या वाढदिवसाचा होता. उद्यानांच्या प्रचारासाठी याच रेल्वे कंपन्यांच्या पैशाची त्यांना गरज होती. त्यामुळे या स्फोटाचा अर्थ देशभरातील मक्तेदारांना नीट समजला.

ग्रँड कॅनियनमध्ये प्रतिपक्ष अधिक बलवान होता. राल्फ कॅमेरॉन यांनी खाणीचे दावे दाखल करून दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल पायवाटेवर ताबा मिळवला होता आणि प्रत्येक प्रवाशाकडून एक डॉलर पथकर घेतला जाई. १९१९ मध्ये ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यान झाले. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅमेरॉन यांचा खाणीचा दावा फेटाळला. त्याच वर्षी पुढे ते ॲरिझोनातून सिनेटवर निवडून आले. त्यांनी उद्यानाचा निधी रोखण्याचा प्रयत्न केला आणि सभागृहातून मॅथर यांच्यावर तोफ डागली. पायवाटेचा ताबा काउंटीकडे असल्याने उद्यान सेवेने वाद घालत न बसता दक्षिण कैबाब ही नवी, पथकराविना असलेली पायवाट खोदली. १९२८ मध्ये जुनी वाटही सरकारकडे आली. निसर्गनवलाच्या वाटेवर कोणी खासगी नाका बसवू नये, हे १९१६ च्या कायद्याचे तत्त्व अशा रीतीने प्रत्यक्षात उतरले.

स्वच्छ हात आणि काही उणिवा

राजकीय शिफारशीने भरलेल्या चौकीदारांच्या जागी प्रशिक्षित, गणवेशधारी रेंजरांचे दल उभे करणे, ही मॅथर यांची टिकाऊ देणगी मानली जाते. योसेमिटीत रेंजरांसाठी निवासस्थान त्यांनी स्वखर्चाने बांधून दिले. १९२० पासून तेथे निसर्गअभ्यासकांची नेमणूक सुरू झाली आणि पर्यटकांना झाडे, पक्षी, खडक यांची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या निघू लागल्या. त्याच सुमारास यलोस्टोनच्या नैऋत्य कोपऱ्यात सिंचनाचे धरण बांधण्याचा प्रस्ताव आला. मंत्री लेन अनुकूल असतानाही मॅथर यांनी त्याला विरोध केला आणि तो बारगळला.

स्वतःच्या व्यवसायाबाबत ते विशेष जपून असत. डेथ व्हॅली जतन करण्याजोगी आहे, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. पण त्या खोऱ्यातील टाकणखारावर आपली संपत्ती उभी असल्याने तिचा प्रस्ताव पुढे करण्यास ते कचरले. डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारक झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९३३ मध्ये.

त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना उणिवाही नोंदवाव्या लागतात. ही उद्याने ज्या भूमीवर उभी राहिली ती मूळ रहिवाशांची होती. योसेमिटीतील अहवाहनीची आणि ग्लेशियरलगतचे ब्लॅकफीट यांचे पिढीजात हक्क परवान्यांच्या नव्या व्यवस्थेत कोठेच बसले नाहीत. पर्यटकांना हरणे व एल्क दिसावेत म्हणून हिंस्र प्राण्यांचा नायनाट सुरू राहिला आणि यलोस्टोनमधून लांडगे १९२० च्या दशकात नामशेष झाले. अस्वलांना उष्टे अन्न घालण्याचे खेळ गर्दी जमवत होते.

गर्दीचा प्रश्न तर मॅथर यांच्याच यशातून जन्मला. योसेमिटी खोऱ्यात उन्हाळ्यात वाटेल त्या झाडाखाली मोटार उभी करून तंबू ठोकले जात. पायांनी आणि चाकांनी माती दडपली जाते आणि तिच्याखालील मुळे गुदमरतात, हे वनस्पतीरोगतज्ज्ञ ई. पी. माइनके यांनी याच काळात दाखवून दिले. तंबूच्या जागा आखून द्याव्यात, मोटारीला ठरलेली जागा असावी आणि काही जागांना विश्रांती द्यावी, हा विचार तेथून पुढे आला. जुने मित्र यार्डही दुरावले. सरकारी अधिकाऱ्यांना खासगी पगार देण्यास १९१८ मध्ये कायद्याने बंदी आल्यावर यार्ड यांनी मॅथर यांच्याच मदतीने राष्ट्रीय उद्यान संघटना काढली होती. पण रस्ते, हॉटेले आणि करमणूक यांमुळे उद्यानांचा आत्मा हरवत असल्याचे त्यांचे मत बनत गेले. १९३५ मध्ये रस्तेविरहित रानांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या वाइल्डरनेस सोसायटीच्या संस्थापकांत यार्ड होते.

अखेर आणि वारसा

नोव्हेंबर १९२८ मध्ये मॅथर यांना पक्षाघाताचा झटका आला. जानेवारी १९२९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ऑलब्राइट त्यांचे उत्तराधिकारी झाले. २२ जानेवारी १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे वयाच्या ६२ व्या वर्षी मॅथर यांचे निधन झाले. ग्रँड कॅनियनच्या काठावरील मॅथर पॉइंट आणि अलास्कातील माउंट मॅथर ही त्यांची नावाने राहिलेली स्मारके. अनेक उद्यानांत त्यांच्या स्मरणार्थ कांस्यफलकही बसवले आहेत.

भारतात पहिले राष्ट्रीय उद्यान, आजचे कॉर्बेट, १९३६ मध्ये हेली नावाने स्थापन झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतील प्रवेश मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशी जोडला आणि तो अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठीच देता येतो. अमेरिकेची आणि भारताची वाट निराळी असली, तरी सफारीच्या रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाला पडणारा प्रश्न तोच आहे, जो मॅथर यांच्यासमोर होता. जंगल सर्वांचे असेल, तर सर्वांनी एकाच दिवशी त्यात जावे काय?

मॅथर यांनी या प्रश्नाचे एकच उत्तर दिले नाही. मोटारींना परवाना दिला, मेंढ्यांना नाकारला. करी यांच्या तंबूंना मुदत मिळवून दिली, रेल्वेच्या गिरणीची मुदत सुरुंगाने संपवली. प्रत्येक वेळी कसोटी एकच होती : ही परवानगी दिल्यानंतर पुढच्या माणसाला पाहण्यासारखे काही उरेल काय. कधी ती कसोटी लावताना ते चुकले आणि त्याची किंमत लांडग्यांनी, मातीने आणि मूळ रहिवाशांनी मोजली. पण आज योसेमिटीत लग्नासाठी, मुक्कामासाठी वा चढाईसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला जो कागद भरावा लागतो, त्यावर हीच कसोटी अदृश्य अक्षरांत छापलेली असते.